रेघेची जाडी

एकास पाचशे मापाच्या नकाशात
अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ
जमिनीवर एक वीत भरते, वर थोडी.
हे कुणी शिकवलं नाही.
सदरच्या ऑफिसात, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात
एकतीस वर्षं पेन्सिली तासताना कळलं.

पहिली फाइल निर्मला हेडाऊची.
मानेवाड्याच्या पुढं तेव्हा तुरीचं वावर होतं.
त्यात कुणीतरी फक्कीनं चौकोन आखले
आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर विकले.
नवरा पॉवरलूमवर, दोन दीर,
एक प्लॉट, तीन चुली.
नियम म्हणायचा, ह्याचे तुकडे होत नाहीत.
ती म्हणाली, "साहेब, तुकडे तं होऊन गेले न.
तुमी फक्त लिहून द्या."

मी टिपण लिहिलं :
'सहानुभूतीपूर्वक विचार करता, विशेष बाब म्हणून,
आणि यातून पायंडा न पडता...'
वर सही झाली.
ती डब्यात सांबारवड्या घेऊन आली.
मी एकच खाल्ली. कढी नव्हती.

पायंडा न पडता
पुढच्या सोमवारी एकोणीस अर्ज आले.
एकाच टायपिस्टचे, एकाच चुकीचे : 'सहानभुती'.
काटोल्यांच्या डोक्यावरून हायटेन्शनची तार,
मेश्राम मास्तरांच्या आईला जिना चढवत नव्हता,
म्हणून संडास खालीच, म्हणून भिंत पुढं.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
अवघड होतं ते तेच.

नऊ मीटरचा रस्ता साडेसातवर आला,
मग सहावर,
मग मी रुंदी लिहिणंच सोडलं.
मोकळी जागा हिरव्यानं रंगवायची असते.
माझ्या डब्यात बाकी पेन्सिलींची थुटकं झाली,
हिरवी अजून लांब आहे.

(बेस्यातल्या माझ्या घराचा सज्जा
एक वीत पुढं आहे. वर थोडा.)

दादाराव ठवकर खिडकीशी आला तो बिनअर्जाचा.
"माही भिंत किती मागं पायजे, तेवढं सांगा."
म्हटलं, भाऊ, अर्ज टाका, सूट भेटून जाते.
"सूट नोको. माप सांगा."
मी सांगितलं. पाच फूट.
त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

गल्ली हसली. येडा झाला का बे हा!
मग गल्लीनं त्या पाच फुटांत स्कूटरी लावल्या,
एक म्हैस बांधली,
दर भाद्रपदात गणपती बसवला
आणि मंडपाची वर्गणी पहिल्यांदा ठवकरकडंच मागितली.

मी रिटायर होणार त्या वर्षीचा मे महिना,
डांबर चपलेला चिकटत होतं.
मोजणीला गेलो होतो. हेडाऊच्या धाकट्या दिराला उन्ह लागलं,
ॲम्ब्युलन्स आत आली
आणि अडकली.
मागं ओटे, पुढं जिने,
दोन्हीकडं माझ्या हातच्या सवलती,
शिक्क्यासकट.
ड्रायव्हर शिव्या देत सरकत सरकत
ठवकरच्या दारापर्यंत आला.
पोरांनी स्कूटरी उचलून बाजूला ठेवल्या,
म्हातारीनं म्हशीचं दावं सोडलं,
आणि गाडी त्या पाच फुटांत
तीनदा पुढंमागं होऊन
वळली.

ठवकर दारात उभा होता, बनियनवर.
काही बोलला नाही.
गाडी गेल्यावर म्हैस पुन्हा तिथंच बांधली गेली.

दीर वाचला.
आता त्याला वरचा मजला चढवायचाय,
अर्ज कसा लिहायचा, ते विचारायला
परवा माझ्या घरी येऊन गेला.
लिहून दिला.

रात्री जुना नकाशा काढून पाहिला.
त्यात ठवकरची भिंत
इतरांच्या रांगेतच आहे, सरळ, एका रेघेत.
ते पाच फूट कुठंच नाहीत.
त्यानं काही मागितलंच नव्हतं,
म्हणून त्याची फाइल नाही.